गाळात गेलेले अणू

रंगांसाठी लागणारा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात ती रसायनतज्ज्ञ होती आणि तिचा थोरला भाऊ उत्पादनप्रमुख. सांडलेला चमचाभर द्रवही ती वाया जाऊ देत नसे, म्हणून कामगार पाठीमागे तिला 'चिकटबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

मागच्या आवारात काळ्या गाळाचा ढीग वाढत चालला होता. माल बनवताना लोखंडाची भुकटी घालावी लागे, आणि ते सगळं लोखंड गाळ होऊन बाहेर पडे. टाकायला जागा उरली नाही, तेव्हा भाऊ वैतागला.

"पंचाण्णव टक्के उतारा देतोय. आणखी काय जीव काढून देऊ?"

"दादा, जेवढा माल बनू शकतो त्यातला किती हाती लागला, तो उतारा. आत घातलेल्यातलं किती मालात उतरलं, ते कुठे मोजलंयस?" तिने फळ्यावर सगळ्या अणूंची वजनं मांडली. "शंभरातले पस्तीस भाग. बाकी गाळात."

भाऊ जरा नरमला. "मग उपाय?"

"लोखंडाऐवजी हायड्रोजन, जोडीला उत्प्रेरक. बहात्तर भाग मालात, उरलेलं नुसतं पाणी."

कुरकुरत का होईना, त्याने नवं पात्र बसवून घेतलं. गाळ थांबला. पण महिन्याभरात भिंतीशी पिंपांची रांग लागली. नव्या पद्धतीत माल विरघळवायला द्रावक लागे, आणि वापरून खराब झालेला द्रावक या पिंपांत साठत होता.

"तुझ्या अणूंनी आता पिंपात संसार थाटला वाटतं!" भाऊ म्हणाला.

तिचा चेहरा उतरला. द्रावक अभिक्रियेत भाग घेत नाही, म्हणून तिने तो हिशेबात धरलाच नव्हता. "चुकलं माझं," ती सरळ म्हणाली. "फळ्यावरचं गणित अर्धंच होतं."

ती ऊर्ध्वपातनाच्या मागे लागली: खराब द्रावक उकळायचा, वाफ थंड करून शुद्ध द्रावक परत मिळवायचा. पहिल्या खेपेला त्यात पाणी राहिलं आणि अख्खा घाणा बिघडला. भाऊ ओरडेल म्हणून ती तयारीतच होती. तो मात्र बाह्या सरसावून शेजारी उभा राहिला.

"तापमान मी बघतो. तू नमुने तपास."

हळूहळू पिंपं ओसरली. सगळी नाही, थोडा द्रावक अजून वाया जातोच.

परवा जेवताना भावाने मान वर न करताच विचारलं, "आपला तो दुसरा, पिवळा माल बनवताना किती भाग वाया जातात गं?"

"मोजले नाहीत अजून."

"मग सकाळी मोजू. आणि या वेळी द्रावकही धर."