अर्धी भाकरी

भवानी पेठेत दाक्षायणीच्या कडक भाकरीसाठी गिऱ्हाईक वाट बघत उभं राहतं. पापडासारखी पातळ भाकरी आणि सोबत उखळात कुटलेली शेंगाची चटणी. नवरा चन्नवीर साखरेच्या आजाराने ऐन चाळिशीत गेला, तेव्हापासून या भाकरीवरच घर चाललंय. बाई कष्टाळू, फटकळ आणि मायाळूही. पण माया वाढताना तिचा हात एका बाजूला जरा जास्तच झुकायचा, उगाच खोटं कशाला बोला!

दोन्ही लेकरं अंगाने चांगलीच जाड. सोमशेखर पंचविशीचा, सिद्धेश्वरी त्याच्या पाठची. लेकाला कुणी जाड्या म्हटलं की दाक्षायणी फणकारायची, "खात्यापित्या घरचं पोरगं हाय, दिसणारच की!" लेकीला वाढताना मात्र भाकरी मधोमध मोडायची आणि 'पुरे'साठीचा घरचा कानडी शब्द फेकायची. "साकु! पुरे तेवढी. लगीन जमवायचं हाय तुझं." उरलेली अर्धी सोमशेखरच्या ताटात जायची, वर तुपाची धार. सिद्धेश्वरी मान खाली घालून जेवायची.

कामाची वाटणीही त्याच चालीची. चटणी कुटायची लेकीने, पिठाचे डबे माडीवर चढवायचे लेकीने, पेठेत पायी फिरून माल पोचवायचा तोही लेकीनेच. सोमशेखर गल्ल्यावर बसून फोनवर ऑर्डरी घ्यायचा आणि रात्ररात्र मोबाईल बघत जागायचा. चहा-भजी बसल्या जागी मिळायची. बिनबापाचं लेकरू, त्याला कशाला उठवायचं, असं दाक्षायणी म्हणे. बाप तर सिद्धेश्वरीलाही नव्हता, पण ते काही तिच्या ध्यानात यायचं नाही.

सोमशेखरच्या मानेवर काळपट, जाडसर पट्टा उमटला होता. मळ समजून दाक्षायणी तो दर रविवारी दही आणि डाळीचं पीठ लावून घासायची. पोरगा कळवळायचा, पट्टा काही निघायचा नाही.

यंदा अक्कलकोटकडचं एक स्थळ सांगून आलं. लेकीला बारीक व्हायचं औषध मिळावं म्हणून दाक्षायणी तिला दवाखान्यात घेऊन गेली. गाडीवरून सोडायला आलेला सोमशेखर कोपऱ्यात बसला होता. डॉक्टरीणबाईंची नजर त्याच्या मानेवर गेली.

"मावशी, हा मळ नाही. शरीराला साखर पेलेनाशी झाली की कधीकधी असं दिसतं. दोघांचंही रक्त तपासू."

दाक्षायणीला नवरा आठवला. चन्नवीरच्या मानेवरही असाच पट्टा होता, आणि तोही ती घासत असे.

रक्ताच्या आणि बाकीच्या तपासण्यांचं कळलं तेव्हा डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या. लेकीचं सगळं ठीक होतं. लेकाची साखर वाढलेली, रक्तदाब चढलेला, यकृतावर चरबी.

"पण बाई, जाड तर दोघं बी हायत की!"

"वजन सारखं म्हणून आतलं सगळं सारखं असेल असं नाही. वडिलांकडून आलेलं आपण बदलू शकत नाही. पण बसणं, जागरण, खाणं आपल्या हातात असतं. मुलीनंही जपायचंच, पण उपाशी राहून नाही. मुलगी दिवसभर काय करते?"

दाक्षायणी सांगत गेली. उखळ, डबे, जिना, पेठ.

"आणि मुलगा?"

"गल्ल्यावर बसतंय," ती हळूच म्हणाली. एकाला लाडाने आजारी पाडलं आणि दुसरीला टोमण्यांनी खचवलं, दोन्ही आपणच केलं, हे तिला तिथे खुर्चीतच कळून चुकलं. लाज अशी वाटली की बाहेर येईपर्यंत तिने लेकीकडे बघितलं नाही.

दुपारी जेवायला बसल्यावर सोमशेखरने सवयीने ताट पुढे सरकवलं.

"ऊठ सोमू, हातानं वाढून घे. आन् उद्यापास्नं डबे तू चढवायचे. तुझ्या बापाच्या मागं न्हाय जाऊ द्यायची मी तुला."

तो बावरून उठला. दाक्षायणीने लेकीच्या ताटात अख्खी भाकरी ठेवली, वर तूप सोडलं. "खा गं, पुरी खा. चुकलं माझं."

सिद्धेश्वरीने ती भाकरी आपल्याच हाताने मधोमध मोडली आणि अर्धी भावाच्या ताटात ठेवली.

"सवय न्हाय, अव्वा," ती म्हणाली. "साकु."