पार्लमेंटातून आलेलं पाणी

विलायतेच्या पार्लमेंटात आपल्या देशाचा एक माणूस निवडून गेला आणि गिरगावातल्या आमच्या चाळीचं काम वाढलं. त्यांची भाषणं छापलेली वर्तमानपत्रं टपालाच्या बोटीने येत. मग रविवारी सकाळी आमच्या खोलीपुढच्या गॅलरीत सतरंजी पडायची. आमचे हे कचेरीत कारकून, इंग्रजी चांगलं. एकेक वाक्य वाचून मराठीत सांगायचे आणि चाळीतले पुरुष माना डोलवायचे. ठरावाचा निकाल तारेने कधीच कळलेला असे, बहुतेक वेळा ठराव पडलेलाच असे. तरी भाषण रंगात आलं की आता जिंकणारच, अशा थाटात मंडळी पुढे सरकून बसत. मधूनमधून चहाची फर्माईश होई. चहाला पाणी लागतं, हे त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक नसावं.

चाळीचा नळ थंडीपासून कोरडा होता. पाणी शेजारच्या वाडीतल्या विहिरीवरून आणायचं. आदल्या वर्षी त्याच विहिरीच्या शेवाळलेल्या काठावर माझा पाय घसरला होता आणि पोटातलं गेलं होतं. आता पुन्हा दिवस गेले होते. कळशी उचलताना मी जीव मुठीत धरून असे.

ह्यांना सांगितलं, तर ह्यांनी ते मनावर घेतलं, नाही असं नाही. रविवारी विषय काढला. म्युनिसिपालिटीत जाऊन भागणार नाही, प्रश्न थेट पार्लमेंटात विचारला गेला पाहिजे, असं सर्वांचं मत पडलं. अर्जाचा मसुदा झाला, मायन्यावरून वाद झाला. वरच्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले, आधी भाषणांचा रोख बघू, मग अर्ज धाडू. तेव्हापासून प्रत्येक भाषणात आमचा नळ शोधणं सुरू झालं. मिठावरच्या कराचा विषय निघाला की मास्तर म्हणत, यात पाणी आलंच.

खोटं कशाला बोलू, ती भाषणं मलाही आवडायची. एकदा अर्धपोटी माणसांबद्दल वाचन चाललं होतं, दाराआड माझे डोळे भरून आले. इतक्या लांब, परक्या लोकांत उभं राहून कोणी आपलं दुःख सांगतंय, याचं फार बरं वाटलं. मग कळशी घेऊन विहिरीवर गेले.

चैत्रात मी हळदीकुंकू केलं. म्युनिसिपालिटीतले एक मेंबर आमच्याच गल्लीच्या टोकाला राहत. त्यांच्या पत्नीला मुद्दाम बोलावणं केलं. कुंकवाचं बोलावणं सवाष्ण मोडत नाही. पुरुष कचेरीत गेलेले असताना बाई शालू नेसून आल्या. हळदकुंकू लावलं, अत्तर लावलं, नारळाने ओटी भरली आणि पन्ह्याचा पेला पुढे केला. पेला रिकामा होता.

"पन्ह्याला पाणी नाही, बाई," मी म्हटलं. "कुंकू तेवढं गोड मानून घ्या."

बाईंनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे. ओटीचा नारळ सावरत त्या उठल्या.

आठवडा व्हायच्या आत माणसं आली, नळ दुरुस्त झाला. रविवारी मंडळींनी पार्लमेंटातल्या आपल्या सभासदांच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर केला. अर्ज अजून मास्तरांच्या कोटाच्या खिशातच होता. न धाडताच एवढं झालं, धाडला असता तर काय झालं असतं, यावर बराच वेळ चर्चा चालली. मी नळाच्या पाण्याचा चहा करून दिला.

मुलगी झाली. ती धरून धरून उभी राहायला लागली, त्या आषाढात तार आली की आपले सभासद निवडणुकीत पडले. त्या दिवशी हे जेवले नाहीत. पुढे दोन दिवसांनी नळही बंद पडला. कोरड्या नळाखाली कळशी ठेवून हे कितीतरी वेळ उभे होते.

"बघितलंस?" हे मला म्हणाले. "आपला माणूस तिथे नसला की असं होतं."

ह्यांचा पडलेला चेहरा बघून मला खरं सांगवेना. श्रावण तोंडावर आला होता. मी मुलीला कडेवर घेतलं, कुंकवाचा करंडा उचलला आणि त्या बाईंना शुक्रवारच्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायला निघाले.