विस्टिनची शीळ

दर वसंतात समुद्र ओलांडून आमच्या बेटावर येणाऱ्या होल्यांची, त्या रानकबुतरांची, शिकार बंद व्हावी म्हणून मी केस काळे होते तेव्हापासून या कड्यावर उभा राहतोय. शिकाऱ्यांनी माझ्या गाडीचे टायर फाडले, सख्ख्या मेव्हण्यानं बोलणं टाकलं, मी हूं की चूं केलं नाही. आणि विस्टिन काय करतो? जन्मभर होले मारतो, एक दिवस बंदूक पोलिसांत जमा करतो आणि आमच्यात येऊन उभा राहतो. झालं! सगळे त्याला डोक्यावर घेऊन नाचायला लागले.

विस्टिन आमच्याच गल्लीतला गवंडी. आडदांड गडी, आवाज असा की कुजबुजला तरी देवळापर्यंत जावा. शेंबडा असल्यापासून बापाबरोबर शिकारीच्या दगडी आडोशात बसायचा. पेंढा भरलेले पक्षी अजून त्याच्या बैठकीत काचेच्या कपाटात आहेत. पाहुण्यांना दाखवत म्हणतो, "ही माझी पापं." पापंसुद्धा माणसानं किती ऐटीत मिरवावीत! बायको गेली त्या वसंतात आपल्याच्यानं चाप ओढवेना, असं तो सांगतो आणि डोळे पुसतो. ते खरंही असेल. पण तो सांगायला लागला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आमच्या गटाच्या प्रमुख कार्मेनाबाई, गावातल्या जुन्या शिक्षिका. त्यांचे गुडघे गेले. पुढच्या वर्षीपासून शिकाऱ्यांवरचा पहाटेचा पहारा कोणाकडे द्यायचा, हे त्या याच वसंतात ठरवणार होत्या. ती जागा माझी होती. दुसऱ्या कोणाची असणार? पण बाईंच्या थर्मासमधली पहिली कॉफी विस्टिनला मिळायला लागली आणि मी काय ते समजलो.

त्या सकाळी समुद्रावरून एकच होला आला. दमलेला, खालून उडत. समोरच्या आडोशात नार्दू बंदूक घेऊन बसला होता. विस्टिनचा लहानपणापासूनचा शिकारीतला जोडीदार. शिकारीचा मोसम सुरू होता. त्याला मारायची मुभा होती, आम्हाला फक्त बघायची. नार्दूनं हातांची ओंजळ करून मादीसारखी शीळ घातली. होला त्याच्याकडे वळला.

"गेला," मी म्हणालो.

विस्टिननं हातातला टोमॅटो चोळलेला पाव भिंतीवर ठेवला, ओंजळ केली आणि फुंकर घातली. टुर्रर्र, टुर्रर्र. होला हवेतच थबकला, फिरला आणि आमच्या डोक्यावरच्या कॅरोबच्या झाडात येऊन बसला. आता नार्दूला बंदूक झाडता येईना. समोर आम्ही माणसं, शिवाय रस्ता.

नार्दू आडोशातून बाहेर आला. "विकला गेलास रे, विस्टिन! माझ्या बापानं शिकवलेली शीळ माझ्यावरच?"

"तुझ्यापेक्षा बरी जमते म्हणून राग आलाय," विस्टिन ओरडला. "ये, पाव खा."

नार्दू थुंकला आणि निघून गेला. विस्टिनचा चेहरा जरा पडला, पण माझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही. कार्मेनाबाई रडत होत्या. इतक्या वर्षांत शिकारबंदीसाठी मी केलेल्या एकाही अर्जावर त्या रडल्या नव्हत्या.

"स्पिरू," त्या मला म्हणाल्या, "पहारा विस्टिनकडे देते हं. तुला वाईट नाही ना वाटत?"

"छे हो, बाई! मला कशाला वाईट वाटेल?"

सगळे पांगल्यावर मी विस्टिनला गाठलं. "मलाही शिकव ती शीळ."

"शिकवून येत नाही रे ती." तो हाताकडे बघत होता. "शीळ घालायची. होला आला तर बरोबर. मग मारायचा. परत घालायची. असं करत करत येते."

मी जन्मात एक होला मारलेला नाही. कड्यावरून उतरताना मला पहिल्यांदाच त्या गोष्टीचं वाईट वाटलं.