माझ्या नावाने गेलेला नमुना

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगते आहे — कुणास ठाऊक. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच बरं आहे.

माझा धाकटा भाऊ दिनेश रोह्याला बाबांजवळ राहायचा, धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचा. त्याला रक्ताचा कॅन्सर झाला. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या तरी मूळपेशी द्याव्या लागतील, आणि त्या जुळायला हव्यात — नुसता रक्तगट नव्हे, त्याहून बारीक, पेशींवरच्या खुणा. सख्ख्या भावंडाची आशा सगळ्यात जास्त. सख्खं भावंड म्हणजे मी, एकटी.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. तिथल्या बायका म्हणाल्या, मणक्यात सुई घालतात, मग हात कायमचे थरथरतात. डॉक्टरांनी फोनवर नीट समजावलं होतं — असं काही नसतं, बहुतेक वेळा रक्त दिल्यासारखंच असतं. मला समजलंही होतं. मग घाबरले कशाला? घाबरले, झालं. आणि ‘देणार नाही’ म्हणायची हिंमत, तीही नव्हती.

हॉस्पिटलने कुरिअरने कापसाच्या काड्या पाठवल्या. गालाच्या आतून फिरवायच्या आणि पाकिटात घालून परत पाठवायच्या. माझ्या सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या. रोज सकाळी मीच त्यांचं तोंड ओल्या कापसाने पुसायची. त्या दिवशी — त्यांच्याच गालातून त्या काड्या फिरवल्या. त्यांनी नेहमीसारखं तोंड उघडलं, बिचाऱ्यांनी. वाटलं, जुळणार नाही, विषय संपेल.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. या खुणा अर्ध्या आईकडून येतात, अर्ध्या बापाकडून.

बाबांचाही नमुना घेतला होता. तो दिनेशशी अर्धा जुळला, जुळणारच होता. डॉक्टरांनी बाबांना आणि मला आत बोलावलं. चाचरत बोलत होते. मुलीचा नमुना वडिलांशी अर्धाही जुळत नाही — कदाचित अदलाबदल झाली असेल, पुन्हा घेऊ या. नाहीतर... पुढचं त्यांनी टाळलं. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी बाबांकडे पाहिलं. त्यांना ते पुढचं कळलं होतं.

तेव्हाच बोलायचं होतं. एक वाक्य. दिनेश वाचला असता का? कदाचित. आईवरचा डाग तर तिथल्या तिथे पुसला गेला असता.

“नको डॉक्टर,” बाबाच म्हणाले. “तिचं परत नको. माझंच घ्या.”

आणि मला — लिहितानाही लाज वाटते — हायसं वाटलं.

परत आम्ही एकाच एसटीने निघालो. पेणला मी उतरायला उठले, तर त्यांनी माझा हात धरला. “तू माझीच हायस गो, सुमे. कोन काय पन सांगू दे.” मी मान हलवली आणि उतरले.

दिनेशला बाबांच्या पेशी दिल्या. त्या त्याच्यावरच उलटल्या — आधी कातडी सोलवटली, मग पोट, मग यकृत. तो गेला. माझंच रक्त पोराला बाधलं, असं बाबा शेजाऱ्यांना सांगतात. मी तिथेच बसलेली असते.

आई सवाष्ण गेली, म्हणून बाबा पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या नावाने पान वाढायचे. एकही वर्ष चुकवलं नव्हतं. त्या एसटीनंतर कधी वाढलं नाही. का, हे मी विचारत नाही, तेही सांगत नाहीत.

नवमीला मी अजून रोह्याला जाते. बाबा त्याच दिवशी माझ्या आवडीचं सुकटीचं कालवण करतात, आणि समोर बसून मला वाढतात. मी जेवते.