तिच्या कार्डावरचा शिक्का

नववीत असताना आमच्या शाळेने पदयात्रा काढली होती. फुटपाथवर राहणाऱ्यांसाठी रात्रीचा निवारा बांधायचा होता, त्याला पैसे हवे होते. मालाडहून चालत मढला जायचं. प्रत्येकीला एक गुलाबी कार्ड मिळालं. ही मुलगी चालेल त्या प्रत्येक किलोमीटरला इतके पैसे देईन, असं ओळखीच्यांकडून त्यावर लिहून आणायचं. वाटेत ठरलेल्या ठिकाणी टेबल मांडून बाई बसणार आणि कार्डावरच्या चौकोनात शिक्का मारणार. सगळे शिक्के भरून जिचे पैसे जास्त होतील, तिने सोमवारी स्टेजवर जाऊन पाहुण्यांच्या हातात पाकीट द्यायचं.

ते पाकीट माझ्या बाकावरची मैत्रीण देणार, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

तशी मी तिच्यावर आधीपासूनच जळायचे. तिचं अक्षर, तिची कंपासपेटी, तिची लिफ्ट असलेली बिल्डिंग, काही म्हणता काही सोडलं नव्हतं. तिचे बाबा बँकेत साहेब. माझ्या बाबांची गिरणी बंद पडली होती आणि ते एका गोदामात कामाला जात होते. आम्ही राहायचो चाळीत.

चाळीत कार्ड घेऊन फिरले तर सगळ्यांना वाटलं, गणपतीची वर्गणीच आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "चलतलंस तू, मगे पैशे आमी कित्याक देवचे गो?" आणि तरीही आठ आणे हातावर ठेवून पावतीसाठी थांबून राहिल्या. मी किलोमीटरचा हिशेब समजावला, पण कोणी ऐकेल तर शपथ. सगळ्यांनी रोख दिलं. वर, "आता चाल नाहीतर घरी झोप, आमचं देऊन झालं!"

म्हणजे मी मढला पोचले काय आणि चाळीच्या नळावरून परत फिरले काय, एका पैशाचा फरक पडणार नव्हता. तिच्या मागे मात्र किलोमीटरचा भाव लिहून देणारी अख्खी बँक होती. तिच्या चालण्याला भाव होता आणि माझं चालणं फुकट होतं. याचा मला इतका राग आला की निघाल्यापासून मी तिच्याशी धड बोललेसुद्धा नाही.

तिने नवे कोरे कॅनव्हासचे बूट घातले होते. मालवणीची वस्ती मागे पडली तशी ती लंगडायला लागली. आक्साच्या टेबलाच्या अलीकडे तर एका मोरीच्या कठड्यावर बसलीच. टाचेवर हा एवढा फोड. मला आत कुठेतरी बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

"तू हो ना पुढे," ती म्हणाली. "मी पोचेपर्यंत बाई टेबल उचलतील यार. माझ्यापण कार्डावर शिक्का घेऊन ठेव. मी येतेच चालत."

मी तिचं कार्ड घेतलं. टेबलाशी आले, माझं कार्ड पुढे केलं, ठप्पकन शिक्का पडला. बाईंनी विचारलं, "तुझी मैत्रीण कुठेय गं?"

"ती मागे बसलीये बाई. पाय दुखतोय तिचा."

यात खोटं काहीच नव्हतं. तिचं कार्ड माझ्या फ्रॉकच्या खिशात होतं आणि ते मी बाहेर काढलं नाही.

मढला आम्ही सगळ्या वडापाव खात बसलो होतो तेव्हा ती आली. बूट हातात, पाय अनवाणी. एकही पाऊल तिने सोडलं नव्हतं. मी कार्ड परत दिलं. तिने त्या कोऱ्या चौकोनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि फक्त पाणी मागितलं. शेवटचा शिक्का तिने स्वतः जाऊन घेतला.

सोमवारी बाईंनी वर्गात तिचं कार्ड उंच धरलं. "आक्साचा शिक्का कुठेय? मध्ये बसमध्ये बसलीस की काय?" वर्ग हसला. आता ती माझ्याकडे बोट दाखवणार, म्हणून मी बाकाची कडा घट्ट धरली.

ती उठली. "नाही बाई, चाललेच. शिक्का घ्यायचा मीच विसरले."

पाकीट दुसऱ्या तुकडीतल्या मुलीने दिलं. आम्ही दोघींनी खालून टाळ्या वाजवल्या. ती अगदी मनापासून वाजवत होती.

मला तिची माफी मागायला हवी होती. पण तेव्हा माझ्या मनात एकच आलं, की हे असलं मनसुद्धा हिच्याकडेच आहे. आणि मी तिच्यावर आधी कधी जळले नव्हते इतकी जळले.