पहिल्या कमानीशी काढलेले बूट

सुनेत्रा दाबके यांनी वूस्टरच्या एका हॉस्पिटलात बावीस वर्षं लोकांचं रक्त काढलं. पहिल्या झटक्यात शीर सापडणारी बाई असा त्यांचा लौकिक होता आणि तो त्यांना पुरेपूर ठाऊक होता. नाशिकच्या एम.एस्सी.ला अमेरिकेत कुणी विचारलं नाही, तेव्हा त्यांनी सुई हातात घेतली आणि त्याबद्दल पुन्हा रडगाणं गायलं नाही. नवरा त्र्यंबक गेल्यावर श्रूजबरीतलं घर, दारातला बर्फ, तळघरात शिरणारं पाणी सगळं एकटीने निस्तरलं. मदतीला हाक मारण्यापेक्षा कपाट स्वतः ढकलावं, असा एकूण स्वभाव.

२००५ च्या जानेवारीत पाठवायचं टपाल बाहेरच्या पेटीत ठेवायला म्हणून त्या निघाल्या आणि ड्राइव्हवेवरच्या बर्फावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. पोस्टमन येईपर्यंत चाळीस मिनिटं तशाच पडून होत्या. ऑपरेशन नीट झालं, फक्त डावा पाय बोटभर आखूड राहिला. त्यासाठी एक जाड तळव्याचा बूट आला, हातात काठी आली, आणि सिअॅटलजवळच्या बॉथेलहून रोज संध्याकाळी यामिनीचा फोन येऊ लागला.

यामिनी त्यांची एकुलती एक मुलगी. छत्तिशीतली, औषधांच्या संशोधनातली, हुशार आणि आईइतकीच हट्टी. तिने आपल्या घरात खालच्या मजल्यावर आईसाठी खोली तयार करून घेतली, बाथरूमला धरायला दांडे बसवले, आणि दीड वर्ष एकच धोशा लावला, की श्रूजबरीचं घर विक आणि इकडे ये. सुनेत्राबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्या पडल्यापासून रस्त्यावर पायी गेल्याच नव्हत्या. मैत्रीण शोभना आठवड्यातून दोनदा गाडीने मॉलमध्ये न्यायची आणि तिथे दुकानं उघडायच्या आधी, बंद शटरांसमोरून, इतर म्हाताऱ्यांबरोबर त्या चार फेऱ्या मारायच्या. चालणं म्हणजे तेवढंच. आपल्याला आता एकटीने राहणं झेपेल का, ही शंका त्यांनाही पोखरत होती. ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नाही.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात यामिनीला कॉन्फरन्ससाठी इटलीत, बोलोन्याला जायचं होतं. आईला बरोबर घेतलं. विमानात तिने हळूच सांगून टाकलं, की परत आलो की घराच्या एजंटला फोन करायचा. सुनेत्राबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. ही सहल नसून परीक्षा आहे, आणि निकाल बहुधा आधीच लागलाय, हे त्यांनी ओळखलं.

बोलोन्यात तीन दिवस पाऊस होता आणि त्याने कुणाचं काही अडत नव्हतं. त्या गावाने पावसाचा प्रश्न आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच निकालात काढलाय. घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले, त्यांना खाली खांब, खांबांवर कमानी आणि कमानींखालून माणसं चालतात. एक घर संपलं की दुसऱ्याची कमान सुरू. सुनेत्राबाईंच्या भाषेत, गावभर पडवी. यामिनी सकाळी कॉन्फरन्सला जाताना हॉटेलजवळच थांब म्हणून बजावून जायची. पहिल्या दिवशी त्या खरंच कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्या. फरशी कोरडी होती, घसरण्याचं नाव नव्हतं, दमलं तर टेकायला खांब होता. दुसऱ्या दिवशी बाजारापर्यंत गेल्या. तिसऱ्या दिवशी दोन तास चालल्या, एका लाकडी खांबांच्या उंच कमानीखाली उभं राहून पेअर खाल्लं आणि छत्री न उघडता परत आल्या. पाय दुखत होता, पण तो चालून दुखत होता. असं दुखणं त्या विसरूनच गेल्या होत्या. त्यांना फार आनंद झाला.

हॉटेलातल्या पोरीने नकाशावर दाखवलं, की शहराबाहेरच्या टेकडीवर मेरीमातेचं देऊळ आहे आणि तिथपर्यंत असाच छप्पर असलेला रस्ता जातो, एका कमानीला लागून दुसरी, एकूण सहाशेच्या वर. गुरुवारी सुनेत्राबाई टॅक्सीने पायथ्याला उतरल्या. समोर चढ, मध्ये मध्ये पायऱ्या. एक म्हातारी जपमाळ ओढत वर निघाली होती. म्हणजे हा देवीचा गड. त्यांना पुढे विचार करावाच लागला नाही. सप्तशृंगीला आई पहिल्या पायरीशी चपला काढायला लावायची आणि वर अनवाणीच जायचं असायचं. सुनेत्राबाईंनी पहिल्या कमानीच्या खांबाशी बूट काढले, मोजे आत कोंबले, जोडी नीट भिंतीकडे सरकवली आणि काठी टेकत चढायला लागल्या.

दोन किलोमीटरना पावणेदोन तास लागले. जाड तळवा नसल्याने डावीकडे लंगडत होत्या. तीनदा बसल्या. मध्यावर फरशी इतकी गार लागली, की देवी असो वा मेरी, आता पुरे, असं मनात आलं. पण खाली उतरायचं तरी पायांनीच होतं, मग वर का नको? वर पोचल्यावर त्यांनी दर्शन घेतलं, बाहेर येऊन पायऱ्यांवर बसल्या आणि मनाशी सरळ म्हणाल्या, जमतंय मला.

एवढ्यात खालून यामिनी आली. केस विस्कटलेले, चेहरा पांढराफटक, आणि हातात ते बूट. दुपारचं सत्र रद्द झालं म्हणून ती हॉटेलवर आली होती, तिथल्या पोरीने टेकडीचं सांगितलं, आणि पायथ्याशी पोचल्यावर आई नाही, नुसते बूट. ती कमानींखालून पळतच वर आली होती. समोर उभी राहून तिने धापा टाकत विचारलं,

"आई, आज कोणता वार?"

सुनेत्राबाईंनी बुटांसाठी हात पुढे केला.

"आपण कुठे आहोत? टेल मी. कुठलं शहर?"

बावीस वर्षं हॉस्पिटलात काढलेल्या बाईला हे प्रश्न नवे नव्हते. बुद्धी ठिकाणावर नसलेल्या पेशंटला डॉक्टर हेच विचारतात. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गुरुवार. बोलोन्या. आणि देवळाला जाताना बूट काढतात, हे तुला मीच शिकवलंय."

यामिनी पायरीवर मटकन बसली आणि रडायला लागली. मला वाटलं तुझं डोकं गेलं, म्हणाली. मग जे बोलली ते सुनेत्राबाईंनी कधीच ऐकलं नव्हतं. त्या पडल्या त्या दिवशी पोस्टमनने आणि मग हॉस्पिटलने यामिनीला फोन लावले होते. ती मीटिंगमध्ये होती, फोन बंद होता. पाच मिस्ड कॉल्स तिने दुपारी पाहिले. तोवर आईला ऑपरेशनला नेलं होतं, सहीला जवळचं कुणी नव्हतं.

"आय कान्ट डू दॅट अगेन, आई. रोज फोन वाजला की मला वाटतं, तोच आहे."

सुनेत्राबाईंचा राग उतरला. दीड वर्ष त्यांना वाटत होतं, मुलीला आपल्या पायांची खात्री नाही. त्यांनी तिच्या हातातून बूट घेतले आणि मोजे चढवायला लागल्या. टाचा सोलवटल्या होत्या.

"तू अठराव्या वर्षी शिकायला गेलीस," त्या म्हणाल्या, "दर सुट्टीत बर्फातून एकटी सहा तास गाडी चालवत यायचीस. मी खिडकीशी उभी असायचे. तुझे बाबा जेवून घ्यायचे, मला घास जायचा नाही. पण गाडीची किल्ली कधी काढून घेतली का मी?"

यामिनीने मान हलवली.

"मग आता तू घाबर. मी चालते."

मग तिने खाली वाकून आईच्या डाव्या बुटाची नाडी बांधली. उतरताना दोघी टॅक्सीने गेल्या, कारण टाचांचं काही खरं नव्हतं.

परतताना बोस्टनच्या विमानतळावर दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. शोभना न्यायला येणार होती, यामिनीला सिअॅटलचं विमान पकडायचं होतं. एजंटचा विषय तिने काढला नाही. गेटकडे वळताना मात्र म्हणाली, की यापुढे मीटिंगमध्येसुद्धा फोन चालू ठेवणार.

सुनेत्राबाईंनी तिच्या गालावर हात ठेवला. "नको," त्या म्हणाल्या. "मीटिंगमध्ये फोन बंदच ठेवत जा."