धाकट्या आत्याचं नाव

आखातातल्या मोहम्मद बिन झायद सिटीत आमच्या शेजारी एक प्राध्यापक बाई राहतात. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका कुणाच्या ना कुणाच्या मम्मी. या मात्र प्रत्येकीला तिच्या नावाने हाक मारतात, तीही जरा मोठ्यानेच. मेक्सिकोच्या जुन्या नोंदी वाचणं हे त्यांचं काम.

"स्पॅनिश लोक नुकतेच आले होते तेव्हा तिथल्या नाहुआ लोकांत मुलांची नावं तऱ्हेतऱ्हेची," लिफ्टपाशी त्या म्हणाल्या. "मुली मात्र बहुतेक थोरली, मधली नाहीतर धाकटी."

"कमाल आहे!" मी हसलो.

"तुमच्या आत्यांची नावं काय?"

"थोरली आत्या, धाकटी..."

लिफ्ट आली. त्यांनी दार धरून ठेवलं. "सिंपल क्वेश्चन आहे."

घरात शिरताच रत्नागिरीला आईला फोन लावला.

"अरे, आम्ही धाकट्या वन्संच म्हणायचो. नाव... थांब हं, आठवून सांगते."